पर्यटनमंत्र्याच्या हातात नेमकं असतं काय? सांदियागा उनो यांच्या कारकिर्दीवरून समजून घेऊ

२०२१ या अख्ख्या वर्षात परदेशातून थेट बालीत उतरलेल्या पर्यटकांची सरकारी नोंद पन्नासच्या आसपास आहे. हजार-लाख काही नाही, नुसते पन्नास. जाकार्तामार्गे आलेले लोक या मोजणीत धरलेले नाहीत हे खरं, पण दोनच वर्षांपूर्वी हाच आकडा ६२ लाखांच्या वर होता. ज्या बेटावर हॉटेलातल्या वेटरपासून भातशेतीच्या बांधावर शहाळी विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचं पोट पाहुण्यांवर चालतं, तिथे कोरोनाच्या महासाथीत पाहुणाच येईनासा झाला. बालीची अर्थव्यवस्था २०२० साली ९.३१ टक्क्यांनी आक्रसली होती.

अशा वेळी, २३ डिसेंबर २०२० रोजी, सांदियागा उनो इंडोनेशियाचे पर्यटन आणि सर्जनशील अर्थव्यवस्था मंत्री झाले. हा माणूस देशातल्या मोठ्या धनिकांपैकी एक. खाणी, टेलिफोनचे मनोरे, मोटारसायकली अशा धंद्यांत पैसा गुंतवून श्रीमंत झालेला. ‘ज्याला धंदा कळतो, तोच पर्यटनाचं भलं करील’ असं आपल्याकडेही सर्रास बोललं जातं. महाराष्ट्रातही लोढा समूहाचे संस्थापक मंगलप्रभात लोढा यांच्याकडे २०२२-२३ मध्ये पर्यटनखातं होतंच. म्हणून उनो यांची चार वर्षं नीट पाहण्यासारखी आहेत. उद्योजक मंत्री झाला की त्याचं काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांच्या कारकिर्दीत फार स्पष्ट दिसतं.

आधी त्यांचा धंदा समजून घेऊ, कारण मंत्री म्हणून त्यांनी जे केलं त्याचा धागा तिथूनच येतो.

उनो यांचा जन्म १९६९ चा, सुमात्रा बेटावरच्या रियाऊ प्रांतातला. वडील तेल कंपनीत नोकरीला होते. मुलगा अमेरिकेत विचिटा स्टेट विद्यापीठात शिकला, पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून एमबीए झाला. नोकरी मिळाली ती सुर्यजाया कुटुंबाच्या बँक सुम्मामध्ये. विल्यम सुर्यजाया हे ॲस्ट्रा या मोटारउद्योगातल्या बलाढ्य समूहाचे संस्थापक. १९९२ साली बँक सुम्मा बुडाली, तेव्हा बँकेची देणी फेडण्यासाठी या घराण्याला आपल्या हातची ॲस्ट्रा विकावी लागली. उनो विल्यम यांना गुरू मानतात. ज्यांनी आयुष्यभर उभं केलेलं दुसऱ्यांच्या घामाचे पैसे परत करायला विकलं, अशा माणसाच्या हाताखाली कारकिर्दीची सुरुवात होणं ही साधी गोष्ट नव्हे.

त्यानंतर सिंगापूर झालं, कॅनडातल्या एका कंपनीतली नोकरी झाली. १९९७ साली आशियातलं आर्थिक संकट आलं, कंपनीने गाशा गुंडाळला आणि उनो बायको-मुलांसह जाकार्तात आईवडिलांच्या घरी परतले. हाती नोकरी नव्हती.

त्या संकटात इंडोनेशियात काय झालं, ते थोडक्यात असं. एका डॉलरला साधारण २,४०० रुपिया मोजावे लागत होते, ते काही महिन्यांत १५ हजारांच्या पुढे गेले. ज्या कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्जं काढली होती त्यांचं कर्ज बसल्या जागी सहापट झालं. कारखाना चालू, मालाला गिऱ्हाईक आहे, तरी कंपनी बुडीत. अशा शेकडो कंपन्या मातीमोल भावाने विकायला निघाल्या. विकत घ्यायला मात्र देशात कुणाकडे पैसा उरला नव्हता. पैसा बाहेर होता आणि बाहेरच्यांना इथली माणसं, इथले कज्जे, इथली सरकारी दारं ठाऊक नव्हती.

उनो यांनी नेमकी ही फट ओळखली. शाळासोबती रोसान रुसलानी यांच्याबरोबर त्यांनी रिकॅपिटल ही सल्लागार कंपनी काढली, आणि १९९८ मध्ये विल्यम यांचे चिरंजीव एडविन यांच्याबरोबर साराटोगा. साराटोगाचं काम म्हणजे ज्याला प्रायव्हेट इक्विटी म्हणतात ते. गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करायचा, अडचणीतल्या पण मुळात सशक्त असलेल्या कंपनीत हिस्सा घ्यायचा, कर्जाची फेरमांडणी करायची, चांगली माणसं बसवायची, आणि काही वर्षांनी कंपनी रांगेला लागली की तो हिस्सा चढ्या भावाने विकायचा किंवा कंपनी शेअर बाजारात आणायची. यातला सगळ्यात मोठा डाव ॲडारोचा. दक्षिण कालिमांतानमधली ही कोळसा कंपनी २००५ साली साराटोगा आणि साथीदारांनी मोठं कर्ज उचलून ताब्यात घेतली. २००८ मध्ये तिचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला, तो तोवरच्या देशातल्या सर्वांत मोठ्या आयपीओंपैकी होता. तिचा कोळसा भारतातल्या वीजकेंद्रांतही येत असे. २००९ मध्ये फोर्ब्सच्या यादीत उनो इंडोनेशियातले २९ वे श्रीमंत होते.

या धंद्यात एक गोष्ट गृहीत असते. हिस्सा घेतला की निर्णयाचा अधिकार हातात येतो. संचालक मंडळ आपलं, व्यवस्थापक आपला, भाव ठरवणारे आपण. ही सवय घेऊन माणूस सरकारात आला की पंचाईत सुरू होते.

राजकारणातला त्यांचा प्रवास वेगवान आहे, आणि सगळा काही अभिमान वाटावा असा नाही. २०१५ मध्ये त्यांनी साराटोगाचं प्रमुखपद सोडलं आणि प्रबोवो सुबियांतो यांच्या गेरिंद्रा पक्षात आले. २०१७ मध्ये आनीस बास्वेदान यांच्या जोडीने जाकार्ताच्या राज्यपालपदाची निवडणूक जिंकून उपराज्यपाल झाले. ती निवडणूक धर्माच्या नावावर पेटलेली होती. समोरचे उमेदवार आहोक हे चिनी वंशाचे ख्रिस्ती. त्यांच्यावर धर्मनिंदेचा खटला चालला आणि निकालानंतर काही आठवड्यांत ते तुरुंगात गेले. उनो स्वतः प्रचारात रोजगारावर बोलत राहिले, पण त्या वाऱ्याचा फायदा त्यांच्या जोडीला झाला हे नाकारता येत नाही. उद्योजक घडवण्याची त्यांची ‘ओके ओसे’ नावाची योजना गाजावाजा करून आली, तिच्यातली काही दुकानं वर्षभरातच बंद पडली. आणि दहा महिन्यांत उनो स्वतःच पद सोडून प्रबोवोंचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. तेव्हा जाहीर केलेली त्यांची मालमत्ता सुमारे पाच लाख कोटी रुपिया होती. आपल्या रुपयांत अडीच हजार कोटींच्या आसपास. प्रचाराच्या खर्चासाठी त्यांनी साराटोगाचे शेअर विकले. एप्रिल २०१९ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष जोको विदोदो ऊर्फ जोकोवी यांच्याकडून ही जोडी हरली.

मग जिंकलेल्या जोकोवींनी आधी प्रबोवोंना संरक्षणमंत्री केलं आणि वर्षभराने उनो यांना पर्यटन दिलं. इंडोनेशियात याचं फारसं कुणाला नवल वाटलं नाही, विरोधकाला मंत्रिमंडळात ओढून घेणं ही तिथली रीतच आहे. मतदाराच्या दृष्टीने मात्र ती चांगली रीत नाही, असं मला वाटतं. ज्याने जाब विचारायचा तोच खुर्चीत बसला तर विचारणार कोण?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पर्यटनमंत्र्याच्या हातात असतं काय?

आपण बालीला जातो तेव्हाचंच उदाहरण घ्या. महासाथीआधी काही वर्षं भारतीयांना इंडोनेशियात ३० दिवसांसाठी व्हिसा लागत नव्हता. महासाथीत ती सवलत थांबली आणि जून २०२३ मध्ये भारतासह १५९ देशांसाठी ती रीतसर काढून टाकण्यात आली. आता विमानतळावर उतरल्यावर ५ लाख रुपिया, म्हणजे पावणेतीन हजार रुपयांच्या आसपास, भरून व्हिसा घ्यावा लागतो. चार जणांचं कुटुंब असेल तर अकरा हजार तिथेच गेले. हा निर्णय पर्यटनखात्याचा नाही. व्हिसा इमिग्रेशनकडे, आणि इमिग्रेशन तेव्हा कायदा मंत्रालयाकडे होतं. त्या खात्याला व्हिसातून महसूल दिसतो आणि सुरक्षेची काळजी असते, तर पर्यटनखात्याला रोडावणारा पाहुणा दिसतो. उनो यांनी २०२३ च्या अखेरीस सांगितलं की भारतासह वीस देशांना व्हिसामाफी द्यावी असा प्रस्ताव आहे. भारतातल्या वर्तमानपत्रांनी तर ती जवळपास झाल्यासारखीच बातमी दिली. २०२४ मध्ये नवा आदेश निघाला, त्यात व्हिसामाफीच्या यादीत आसियानचे देश आणि आणखी मोजके देश होते. भारत नव्हता. गंमत म्हणजे त्याच काळात बालीला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल भारतीय होते.

विमानांचं तसंच. कुठल्या कंपनीला कुठे उतरू द्यायचं हे वाहतूक मंत्रालय ठरवतं. रस्ते बांधकाम खात्याचे. राष्ट्रीय उद्यानं तेव्हा पर्यावरण आणि वन मंत्रालयाची होती. करमणूक कर स्थानिक सरकारांचा. २०२४ च्या सुरुवातीला नाइटक्लब आणि स्पा यांच्यावर ४० ते ७५ टक्के कर लागू होण्याची वेळ आली, तेव्हा व्यावसायिक उनो यांच्याकडे धावले आणि उनो त्यांच्या बाजूने बोललेही. पण दर आधीच कायद्यात लिहिलेला होता. आपल्याकडेही रायगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, ताडोबा वनखात्याकडे आणि तिथवर जाणारा रस्ता तिसऱ्याच कुणाकडे असतो. घर एकाचं, किल्ली दुसऱ्याकडे आणि पाहुण्याचं स्वागत तिसऱ्याने करायचं, असं हे खातं आहे.

बोरोबुदूरचं प्रकरण याबाबतीत फार बोलकं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. मध्य जावातला हा नवव्या शतकातला बौद्ध स्तूप. दगडी पायऱ्यांवरून रोज हजारो माणसं चढायची, बुटांखाली दगड झिजत चालला होता. महासाथीत वर चढणं बंद झालं. जून २०२२ मध्ये लुहुत बिन्सार पांजाइतान या ज्येष्ठ समन्वय मंत्र्यांनी जाहीर केलं की वर चढायचं तर देशी पर्यटकाला साडेसात लाख रुपिया आणि परदेशी माणसाला १०० डॉलर पडतील, आणि दिवसाला १,२०० जणच सोडले जातील. साडेसात लाख म्हणजे साधारण चार हजार रुपये. तांदूळ आणि टेम्पे या सोयाबीनच्या पदार्थावर महिना काढणारी माणसं हादरलीच. आसपासचे फेरीवाले, गाइड, खानावळीवाले म्हणाले की गिऱ्हाईकच तुटेल. गदारोळ झाला आणि काही दिवसांत दरवाढ मागे घेतली गेली.

त्या भांडणात दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. दगड वाचवलाच पाहिजे होता, आणि स्वतःच्या देशाचा वारसा गरिबाला परवडलाही पाहिजे होता. बाजारात गर्दी कमी करायची तर भाव वाढवा, हा धंद्यातला पहिला धडा. सार्वजनिक वारशाला तो तसाच्या तसा लावला की पैसेवाले वर आणि बाकीचे खाली अशी वाटणी होते. पुढे जी तोड निघाली ती मला जास्त शहाणपणाची वाटते. दिवसाची संख्या ठरलेली, सोबत गाइड, आणि पायात ‘उपानत’ नावाच्या मऊ चपला. स्तूपावरच्या शिल्पातल्या पादत्राणांवरून हा नमुना घेतला आणि आसपासच्या गावांतले कारागीर या चपला केतकीवर्गातल्या झाडाच्या पात्यांपासून विणतात. दगडही जपला जातो आणि गावात चार पैसेही राहतात. तिकीट लागतं, पण ते साडेसात लाखांच्या जवळपासही नाही.

महाकाय सरड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोमोडोला तेच नाटक पुन्हा घडलं. ऑगस्ट २०२२ पासून कोमोडो आणि पादार बेटांसाठी माणशी ३७ लाख ५० हजार रुपियांची, म्हणजे वीस हजार रुपयांच्या आसपासची वर्षाची फी लावायचं प्रांतिक सरकारने ठरवलं. कारण सरड्यांच्या रक्षणाचं दिलं. लाबुआन बाजो या कोमोडोला जाण्याच्या बंदरातल्या टूरवाल्यांनी, होडीवाल्यांनी संप पुकारला. फी पुढे ढकलली गेली आणि शेवटी लागू झालीच नाही. दोन्ही वेळा भाव दुसऱ्याने ठरवला, राग रस्त्यावर आला आणि समजूत काढायला पर्यटनमंत्री उभा राहिला.

मग उनो यांच्या हातात उरलं काय? विकणं, जुळवणं आणि गाजवणं. आणि ते त्यांनी मनापासून केलं. दर आठवड्याला पत्रकारांसमोर येणं, गावोगाव फिरणं, सकाळी लोकांबरोबर धावणं. मे २०२१ मध्ये परदेशी पाहुणे नव्हते तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांनी बालीत बसून काम करावं ही मोहीम आली. रिकाम्या हॉटेलांच्या काही खोल्या तरी भराव्यात हा हेतू. पण जूनअखेर कोरोनाची डेल्टा लाट आली आणि तिने सगळंच झाकोळून टाकलं. देशांतर्गत प्रवासावर त्यांनी भर दिला, तो मात्र योग्य होता. २०२३ मध्ये इंडोनेशियन लोकांनी देशातल्या देशात ८० कोटींहून जास्त सहली केल्या. परदेशी पाहुणे त्या वर्षी सव्वा कोटीदेखील नव्हते. खातं खरं कुणावर चालतं हे यावरून कळतं, तरी फोटो नेहमी परदेशी पाहुण्याचाच छापला जातो.

त्यांच्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग ‘देसा विसाता’चा, म्हणजे पर्यटन-गावांचा. २०२१ मध्ये त्यांनी देशभरच्या गावांसाठी वार्षिक स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी अठराशेच्या वर गावं उतरली, २०२४ पर्यंत ती सहा हजारांपुढे गेली. मंत्री स्वतः निवडक गावांत जायचे, होमस्टेमध्ये राहायचे. यात पैसा फार नसतो, पण मंत्र्याने येऊन बघितलं की जिल्ह्याचा अधिकारी रस्त्याची फाइल हलवतो, बँक कर्जाचा विचार करते. जिथे अधिकार नाही तिथे लक्ष वेधणं हेच बळ असतं आणि उनो यांना ते उत्तम जमत होतं.

पण यशस्वी गावांची मुळं त्यांच्याही आधीची आहेत. योग्यकार्ताजवळचं न्गलांगेरान पाहा. प्राचीन ज्वालामुखीच्या उघड्या कातळाखालचं हे गाव. गावातल्या तरुण मंडळाने झाडं लावून डोंगर हिरवा केला आणि पाहुणे येऊ लागले. २०१४ साली वर्षाला तीन लाखांहून जास्त माणसं आली. कचरा, गर्दी, वाटेवरची धूप वाढली. तेव्हा गावाने ठरवलं की माणसं कमी चालतील. तिकीट वाढवलं, मुक्कामी येणाऱ्यांवर भर दिला, शेळीचं दूध आणि कोकोपासूनचे पदार्थ गावातच करून विकायला सुरुवात केली. पाहुणे जवळपास निम्म्यावर आले आणि गावाचं उत्पन्न वाढलं. २०२१ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेने या गावाला उत्कृष्ट पर्यटन-गावांच्या यादीत घेतलं, २०२३ मध्ये बालीतलं पेंगलिपुरान त्या यादीत आलं. बोरोबुदूरलाही तिकीट वाढवूनच गर्दी रोखायची होती, मग इथे ते का पचलं? कारण इथे भाव ठरवणारे आणि त्याचा तोटा सोसणारे एकच होते. गावाच्या सभेत बसून, कुणाची खानावळ आहे, कुणाची शेळी आहे हे बघून तो आकडा निघाला होता.

याच्या नेमकं उलट मांडालिका. लोम्बोक बेटावरच्या या भागात मोटोजीपी या मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतीचा ट्रॅक बांधला आणि मार्च २०२२ मध्ये शर्यत झाली. पाऊस आला, थांबवायला मांत्रिक बाई ट्रॅकवर उतरल्या आणि जगभर त्याची चित्रं गेली. त्यातून प्रसिद्धी भरपूर झाली. पण वर्षभर आधीच संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी या प्रकल्पासाठी स्थानिक सासाक लोकांच्या जमिनी गेल्या, पुरेसा मोबदला मिळाला नाही, अशी जाहीर चिंता व्यक्त केली होती. सरकारने आरोप फेटाळले. मंत्र्यांच्या भाषणांत मांडालिका अभिमानाची खूण म्हणून येत राहिली. इथे मला उनो कमी पडलेले दिसतात. गुंतवणूकदाराला जमीन म्हणजे प्रकल्पाची पहिली अट. ज्याचं घर त्या जमिनीवर आहे त्याचं ऐकून घ्यायचं काम मंत्र्याचं असतं, आणि त्यासाठी दुसऱ्या खात्याची परवानगी लागत नाही.

आकड्यांच्या हिशोबात उनो यांचा कार्यकाळ चांगलाच दिसतो. जागतिक आर्थिक मंचाच्या प्रवास-पर्यटन निर्देशांकात इंडोनेशिया २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत ३२ वा होता, २०२४ मध्ये २२ वा झाला. २०२१ मध्ये देशात १५-१६ लाख परदेशी आले होते, २०२४ मध्ये १ कोटी ३९ लाख. यातला मोठा वाटा जग पुन्हा उघडण्याचा आहे, आणि २०१९ चा १ कोटी ६१ लाखांचा आकडा त्यांच्या कारकिर्दीत परत गाठला गेला नाही. बालीने मात्र २०२४ मध्ये आपला जुना आकडा ओलांडला. म्हणजे ‘दुसऱ्या बाली’ घडवायच्या म्हणून तोबा सरोवर, लिकुपांग, लाबुआन बाजो यांवर एवढा खर्च करूनही पाहुणा शेवटी बालीलाच गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या विमानतळाच्या रस्त्यावर एवढी कोंडी झाली की लोक गाड्या सोडून बॅगा ओढत चालत गेले. दक्षिण बालीत भातखाचरं बुजवून व्हिला उभे राहतायत, आणि शेकडो वर्षं पाणी वाटून घेणाऱ्या ‘सुबाक’ मंडळांच्या पाटांना ठिकठिकाणी खीळ बसतेय.

राजकारणात शेवटचा डाव उनो यांच्यासाठी फसला. २०२३ मध्ये ते गेरिंद्रा सोडून पीपीपी या जुन्या इस्लामी पक्षात गेले आणि २०२४ च्या निवडणुकीत तो पक्ष संसदेत जायला लागणारी ४ टक्के मतंही मिळवू शकला नाही. अध्यक्ष झाले ते त्यांनीच सोडलेले प्रबोवो. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या सरकारने पर्यटन आणि सर्जनशील अर्थव्यवस्था ही दोन वेगळी मंत्रालयं केली. पर्यटन मिळालं विद्यांती पुत्री वर्धना यांना. त्याही उद्योजकच, जाहीर मालमत्तेनुसार नव्या मंत्रिमंडळातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक. उनो यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस दक्षिण बालीत नवी हॉटेलं बांधण्यावर काही वर्षं बंदी घालावी अशी चर्चा सुरू झाली होती. तो प्रश्न विद्यांती यांच्याकडे आला. बांधकामाचा परवाना मात्र तिथेही पर्यटनमंत्री देत नाही.